न खाणारा, रोडावलेला खाऱ्या पाण्यातला मासा कसा सावरायचा? वरोऱ्यातला एक कॉपरबँड आणि ईएसपी३२

माझ्या घरी समुद्रातला मासा आहे असं वरोऱ्यात कुणाला सांगितलं, तर पहिला प्रश्न येतो, "अन् समुद्र कुठून आणला?" प्रश्न बरोबर आहे. नागपूर-चंद्रपूर रस्त्यावरचं आमचं गाव. पूर्वेचा किनारा घ्या की पश्चिमेचा, इथून शेकडो किलोमीटर. बाजारात मिळतात ते नदी-तलावातले मासे आणि झिंगे. पण मी घरून काम करणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर, हातात सोल्डरिंग गन आणि डोक्यात खूळ, त्यामुळे दोन वर्षांपासून १२० लिटरच्या टाकीत दोन क्लाउनफिश आहेत आणि मजेत आहेत.

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी नागपूरचा एक मित्र नोकरीसाठी देशाबाहेर गेला. त्याने टाकी विकली, मासे वाटून टाकले. एक कॉपरबँड बटरफ्लायफिश मात्र कुणी घेईना, कारण तो खातच नव्हता. मी पिशवीत बॅटरीवरचा एअर पंप लावून त्याला कारने घरी आणला. पोट आत गेलेलं, अंगावरचे नारिंगी पट्टे फिके. पुढचे दोन महिने जे केलं, त्यातलं काय चाललं, काय चुकलं आणि यात इलेक्ट्रॉनिक्सचा नेमका उपयोग किती, ते या लेखात सांगतो.

सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट आधीच सांगून टाकतो. रोडावलेल्या माशाला जास्त खाऊ घालण्याआधी त्याचा खर्च कमी करावा लागतो.

पोट नव्हे, पाठ बघा

मासा बारीक झाला की आपण पोट बघतो. पोट म्हणजे कालपरवाचा हिशोब. दोन दिवस नाही खाल्लं तर पोट आत जातं, पोटभर खाल्लं की परत दिसतं. खरी गोष्ट पाठीवर, डोक्याच्या मागे कळते. तिथलं मांस झिजलं, मासा समोरून बघताना वरची कड सुरीच्या पात्यासारखी दिसली, तर त्याने साठवलेली चरबी संपवून आता स्नायू मोडायला घेतले आहेत असं समजा. अशा माशाकडे वेळ कमी असतो.

माझ्याकडच्या माशाचं पोट आत होतं, पाठ थोडी उतरली होती, पण पाती झाली नव्हती. डोळे स्वच्छ, कल्ले एका लयीत हलत होते. म्हणजे आशा होती.

विष्ठेकडेही लक्ष ठेवा. पांढरी, लांब, दोऱ्यासारखी विष्ठा म्हणजे आतडं रिकामं आहे किंवा आत परजीवी आहेत. एकदा दिसली म्हणून लगेच औषध ओतू नका. खायला लागल्यावरही तशीच राहिली, तर मात्र परजीवीचा संशय पक्का.

तो खात का नाही?

कॉपरबँडचं शास्त्रीय नाव चेल्मॉन रोस्ट्रॅटस. १७५८ साली लिनीयसने त्याची नोंद केली. अंदमान समुद्रापासून ऑस्ट्रेलिया आणि जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांपर्यंत हा प्रवाळांच्या आसपास राहतो. त्याचं तोंड चिमट्यासारखं लांब असतं. खडकाच्या फटीत ते घालून तो बारीक किडे आणि कवचधारी जीव टिपतो, आणि हे काम दिवसभर चालू असतं. एका वेळी पोटभर जेवण ही कल्पनाच त्याच्या आयुष्यात नाही.

आता त्याच्या बाजूने विचार करा. वरून पाण्यात गोळ्या पडतात, तरंगतात, हळूहळू खाली जातात. त्याच्या लेखी ते अन्नच नाही. शिवाय व्यापारात येणारे बहुतेक कॉपरबँड समुद्रातून पकडलेले असतात. पकडणारा, निर्यातदार, आयातदार, दुकान, ग्राहक अशा चार-पाच टप्प्यांत त्याचे कित्येक दिवस उपाशी जातात. आग्नेय आशियात काही ठिकाणी मासे सायनाइड वापरून पकडले जातात, त्याने आतून झालेलं नुकसान आपल्याला दिसतही नाही. तेव्हा "नखरेल मासा" म्हणताना थोडं सांभाळून. तो हट्ट करत नसतो, त्याला समोरची वस्तू ओळखू येत नाही.

आईला हे सगळं मान्य नव्हतं. ती टाकीजवळून जाताना रोज विचारायची, "काहून रे, इतक्या दूरून आणला अन् उपाशीच ठेवून रायला का त्याले?"

जमा आणि खर्च

मासा थंड रक्ताचा. त्याच्या शरीराचा वेग पाण्याच्या तापमानावर चालतं. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की चयापचय साधारण दुप्पट होतं. म्हणजे ५ अंशांनी वाढलं तर दोनचं वर्गमूळ, १.४ पट. २५ अंशांच्या पाण्यात माशाला नुसतं जिवंत राहायला जेवढं अन्न लागतं, त्यापेक्षा ३० अंशांच्या पाण्यात सुमारे ४० टक्के जास्त लागतं. मासा खातच नसेल, तर हे ४० टक्के त्याच्या पाठीतून वसूल होतात.

त्यात ऑक्सिजनचा घोळ. खाऱ्या पाण्यात मुळातच गोड्या पाण्यापेक्षा कमी ऑक्सिजन विरघळतो. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास, आणि ३० अंशांना सव्वासहाच्या आसपास. गरज वाढते आणि पुरवठा घटतो, दोन्ही एकदम.

माझी पहिली मोजणी ३०.५ अंश होती. म्हणजे मी महागडं खाद्य शोधत इंटरनेट पालथं घालत होतो, तेव्हा मासा नुसत्या उकाड्यात वजन घालवत होता. पाणी २५-२६ अंशांवर आणणं हेच त्याला दिलेलं पहिलं जेवण ठरलं. तापमान एकदम मात्र उतरवू नका. मी दिवसाला एक अंश या हिशोबाने खाली आणलं.

खर्चाच्या बाजूला आणखी दोन गोष्टी. एक, भीती. नवीन मासा वेगळ्या टाकीत ठेवा. माझी ६० लिटरची आहे. तिच्या तीन बाजूंना काळा कागद लावला, आत पीव्हीसी पाइपचे तुकडे लपायला टाकले. दुसरी, झोप. रात्री दहा तास पूर्ण अंधार. खोलीत दोन वाजेपर्यंत मॉनिटर चालू ठेवून काम करायची माझी सवय यात मोडली.

मे महिना, कूलर आणि मिठाचं गणित

चंद्रपूर जिल्ह्याचा उन्हाळा सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. टाकीसाठी चिलर मिळतो, पण त्याची किंमत माझ्या सगळ्या टाक्यांपेक्षा जास्त. आपल्याकडे मात्र घरोघरी जे तंत्रज्ञान आहे तेच इथं चालतं, कूलरचं. पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल लागतात. हिशोब केला तर ६० लिटरच्या टाकीला तेवढ्यात जवळजवळ १० अंश थंड करता येतं. बाहेरून उष्णता सतत आत येत असते म्हणून प्रत्यक्षात तेवढी घट दिसत नाही, पण पाण्याच्या पृष्ठभागावर कॉम्प्युटरचे १२ व्होल्टचे दोन पंखे वारा मारत ठेवले तर तीन-चार अंश आरामात उतरतात. हवा कोरडी आहे तोवर. मृग लागला, हवा दमट झाली की हेच पंखे नुसते फिरत बसतात. तेव्हा खोलीत एसी, नाहीतर गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या.

पंखे चालवायला ईएसपी३२ बोर्ड आणि डीएस१८बी२० हा तापमान सेन्सर घेतला. सेन्सरच्या डेटा वायर आणि पुरवठ्याच्या मध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लागतो, तो विसरलात तर रीडिंगच येणार नाही. २६.५ अंशांना पंखे चालू, २५.८ ला बंद. दोन आकडे मुद्दाम वेगळे ठेवायचे, नाहीतर पंखा दर मिनिटाला चालू-बंद होत राहतो.

या सेन्सरच्या तीन खोड्या सांगतो. पहिली, तो ०.०६२५ अंशांपर्यंत आकडे दाखवतो म्हणून तेवढा अचूक नसतो. त्याची अचूकता अधिक-उणे ०.५ अंश आहे. चांगल्या थर्मामीटरशी एकदा ताडून फरक कोडमध्ये टाका. दुसरी, स्टीलचं टोपण असलेला "वॉटरप्रूफ" प्रोब खाऱ्या पाण्यात गंजतो. मी तो काचेच्या परीक्षानळीत घालून तोंड सिलिकॉनने बंद केलं. तिसरी सगळ्यात वाईट. वीज डळमळली की सेन्सर ८५ अंश असं रीडिंग देतो, कारण चालू होताना त्याच्या मेमरीत तोच आकडा असतो. वायर सुटली तर बहुतेक लायब्ररी उणे १२७ देते. कोडने हे खरं मानलं तर पहिल्या वेळी पंखे थांबतच नाहीत आणि दुसऱ्या वेळी सुरूच होत नाहीत. १५ पेक्षा कमी आणि ४० पेक्षा जास्त आलेलं प्रत्येक रीडिंग फेकून द्या आणि सलग पाच फेकली गेली तर मोबाइलवर अलार्म पाठवा.

आता मीठ. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. माझ्या ६० लिटरच्या टाकीतून मे महिन्यात दिवसाला दीड लिटर पाणी उडायचं. दर हजारी ३५ भाग खारटपणा एका दिवसात ३५.९ होतो. आठवडाभर लक्ष दिलं नाही तर मासा वेगळ्याच समुद्रात. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची, तीही आरओ केलेल्या. आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस ८०० च्या वर आहे, ते थेट टाकलं तर क्षार साचत जातात. आणि टाकीचं मूळ पाणी करताना स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट असं बरंच असतं. त्यासाठी तयार सागरी मीठ मिळतं, लिटरला ३५ ते ३८ ग्रॅमच्या आसपास लागतं.

भर टाकायला फ्लोट स्विच आणि छोटा पंप लावला. फ्लोट अडकतात, हे गृहीत धरूनच. म्हणून आरओ पाण्याचा डबा फक्त ३ लिटरचा. पंप बंदच झाला नाही तरी खारटपणा ३५ वरून ३३.३ वर जाईल, मासा सहन करेल. २० लिटरचा कॅन जोडला असता तर एका रात्रीत २६ वर गेला असता. मला वाटतं, चुकणारच नाही असा सेन्सर शोधण्यापेक्षा चुकलं तरी परवडेल असा डबा निवडणं सोपं.

आधी रोग, मग जेवण

हा भाग लहान ठेवतो, कारण औषध हे निदानानंतरचं काम. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, अंग घासणं, कल्ल्यांची घाई, एकच कल्ला हलणं, हे दिसलं तर परजीवी. कल्ल्यांवरच्या चपट्या कृमींसाठी प्राझिक्वांटेल वापरतात. माझ्या माशाचा एक कल्ला जवळजवळ बंद असायचा म्हणून मी ते लिटरला २.५ मिलिग्रॅमने दिलं आणि आठवड्याने पुन्हा दिलं. त्या काळात हवा वाढवावी लागते. तांब्याची औषधं पांढऱ्या ठिपक्यांवर चालतात, पण त्यांनी भूक मरते, आणि कॉपरबँड तांब्याला नाजूक. उपाशी माशाला खबरदारी म्हणून तांबं देऊ नका.

पहिला घास

पहिले चार दिवस त्याने कशालाच तोंड लावलं नाही. गोळ्या नाहीत, गोठवलेली कोळंबी नाही. लसणाच्या रसाने भूक खुलते असं हौशी लोक सांगतात. माझ्या माशाने लसणाला काडीची किंमत दिली नाही.

मुंबईहून एक मावसभाऊ येणार होता. त्याला थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून अर्धा किलो तिसऱ्या आणायला सांगितल्या. तळकोकणात यांना शिवल्या म्हणतात. त्या आधी दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवल्या, म्हणजे बरेचसे परजीवी मरतात. मग एक शिंपली पाण्यात सोडवून, अर्धवट उघडी करून दगडाच्या फटीत उभी लावली. मांस आत, बाहेर फक्त कड. त्याच्या चिमट्याला ओळखीचं वाटेल असं.

मी समोर खुर्ची टाकून तासभर बसलो. मासा पाइपमागे. शेवटी आई म्हणाली, "तू समोर बसला का तो मांगं जाते. ऊठ बरं तू तिथून." मी उठलो, दाराआडून मोबाइलचा कॅमेरा लावला. सात मिनिटांनी तो आला, शिंपलीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकडा होऊन एका डोळ्याने पाहिलं आणि टोचलं. मग परत टोचलं. मोबाइलच्या स्क्रीनवर ते बघताना आम्ही दोघं दाराआड श्वास रोखून उभे होतो, हे आता सांगायला हसू येतं.

तिसऱ्या मिळत नसतील तर जिवंत आर्टेमिया हा दुसरा रस्ता. याची अंडी डब्यात मिळतात. २६ ते २८ अंशांच्या खाऱ्या पाण्यात, सतत हवा आणि उजेड दिला की साधारण २४ तासांत पिल्लं निघतात. ती हलतात, म्हणून मासा ओळखतो. एक लक्षात ठेवा, ताज्या पिल्लाच्या अंगात अंड्यातला बलक असतो, तेच त्याचं पोषण. काही तासांत तो संपतो आणि उरतं ते जवळपास नुसतं पाणी. निघाल्याबरोबर द्या, किंवा फ्रीजमध्ये ठेवून बलक संपण्याचा वेग कमी करा, किंवा पिल्लं खायला लागली की शेवाळाचं द्रव्य चारून मग माशाला द्या. नागपुरात जिवंत ट्युबिफेक्स किडेही मिळतात. मासा अगदीच टेकीला आला असेल तर चार दिवस चालतील, पण ते सांडपाण्यातले असतात, सवय लावू नका. आणि वरोऱ्याच्या बाजारातले झिंगे मी सुरुवातीला बारीक करून दिले होते. गोड्या पाण्यातल्या खाद्यात समुद्री माशाला लागणारी ओमेगा-३ आम्लं कमी असतात, त्यामुळे रोजचं जेवण म्हणून ते बसत नाही.

शिंपली खायला लागला की तिच्यातच थोडी गोठवलेली मायसिस कोळंबी दाबून ठेवायची, रोज थोडी जास्त. दहाव्या दिवशी तो रिकाम्या शिंपलीत ठेवलेली नुसती मायसिस खात होता. भांडं तेच, भाजी बदलली.

फीडर आणि ती रात्र

दिवसभर टोचत राहणाऱ्या माशाला दोन वेळचं जेवण पुरत नाही. माझ्या दिवसभराच्या मीटिंग्ज पाहता सहा वेळा हाताने देणं शक्य नव्हतं. म्हणून पेरिस्टाल्टिक पंप. यात रोलर एका सिलिकॉन नळीला दाबत फिरतात, द्रव धातूला लागतच नाही, त्यामुळे आर्टेमियाची पिल्लं बऱ्यापैकी जिवंत पोचतात. मायसिस मात्र नळीत अडकते. पिल्लांची बाटली बर्फाच्या पॅकसोबत थर्माकोलच्या डब्यात, आत हवेचा बारीक बुडबुडा, नाहीतर ती तळाशी बसतात. एका मिनिटात किती मिलिलिटर येतं ते मोजून घ्या आणि दर पंधरा दिवसांनी परत मोजा, नळी सैल होत जाते. दिवसात सहा वेळा १० मिलिलिटर, आणि मुख्य जेवण दोनदा हाताने.

तीन आठवडे छान गेले. मग एक वादळी रात्र आली, लाइट अकरापासून पहाटेपर्यंत सारखी येत-जात होती. एअर पंप बॅटरीवर होता. ईएसपी३२ इन्व्हर्टरवर घ्यायचा राहिला होता.

झालं असं. बोर्ड दर वेळी नव्याने सुरू व्हायचा. शेवटचं खाणं कधी दिलं ते मी साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवलं होतं, ते पुसलं जायचं. नोंद नसेल तर लगेच दे, असं मीच लिहिलं होतं. रात्री देऊ नये म्हणून वेळेची अट होती, सकाळी साडेपाच ते संध्याकाळी साडेसात. पण राउटर चालू व्हायच्या आत बोर्डला इंटरनेटवरून वेळ मिळत नाही. मग त्याचं घड्याळ १ जानेवारी १९७० पासून सुरू होतं, आणि भारतीय वेळेप्रमाणे तेव्हा वाजलेले असतात बरोबर साडेपाच. खिडकी उघडी. लॉगमध्ये अकरा वेळा सुरू झाल्याची नोंद होती आणि अकरा वेळा १० मिलिलिटर.

सकाळी पाणी दुधाळ. मासा वरच्या कोपऱ्यात, कल्ले धापा टाकत. अमोनियाची टेस्ट लिटरला १ मिलिग्रॅम.

हा आकडा खाऱ्या पाण्यात जास्त का भितीदायक, ते सांगतो. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, त्यातलं एक फार विषारी. सामू ७ असलेल्या गोड्या पाण्यात विषारी भाग एक टक्क्याहून कमी असतो. समुद्री टाकीचा सामू ८.२, तिथं तो आठ टक्क्यांच्या घरात जातो. तीच टेस्ट, दहापट विष. आणि तो येतो अन्नातूनच. निम्मं प्रथिन असलेलं एक ग्रॅम कोरडं अन्न पूर्ण सडलं तर त्यातून ८० मिलिग्रॅम नायट्रोजन निघू शकतो. ६० लिटरला भागा, लिटरला १.३ मिलिग्रॅम. कोरडं एक ग्रॅम म्हणजे गोठवलेलं ओलं अन्न आठ-दहा ग्रॅम. लहान टाकीत जास्त खाऊ घालण्याची मर्यादा माशाच्या पोटाने नाही, पाण्याने ठरते.

तयार खारं पाणी भरून ठेवलेलं होतं म्हणून वाचलो. तापमान आणि खारटपणा जुळवून निम्मं पाणी बदललं, संध्याकाळी परत थोडं, स्पंज मोठ्या टाकीच्या पाण्यात पिळून परत लावला. दोन दिवस त्याने काही खाल्लं नाही. त्या दोन दिवसांत माझं ऑफिसचं कामही काही झालं नाही. जीव माझ्या एका ओळीच्या कोडने जाणार होता आणि त्याला दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

दुरुस्ती अशी. शेवटच्या खाण्याची वेळ आणि दिवसभरात दिलेले मिलिलिटर फ्लॅश मेमरीत लिहायचे, वीज गेली तरी ते टिकतात. बॅटरीवर चालणारं डीएस३२३१ घड्याळ जोडलं. वर्ष २०२० च्या आधीचं दिसलं तर पंप हलणार नाही. बोर्ड सुरू झाल्यावर पहिला तासभर काही द्यायचं नाही. आणि शेवटचा उपाय कोडच्या बाहेरचा. बाटलीतच फक्त एका दिवसाचं, ६० मिलिलिटर खाद्य भरायचं. शंका आली तर उपाशी ठेव, हा नियम फीडरला बरोबर आहे. एक घास चुकला तर मासा मरत नाही.

वजनकाटा नको, कॅमेरा

मासा जाळीत धरून तोलणं म्हणजे आठवड्याची कमाई एका मिनिटात घालवणं. डोळ्यांवरही विश्वास नको, रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही. कॉपरबँड बाजूने चपटा, त्यामुळे बाजूच्या फोटोत तो रोड असला तरी भरलेला दिसतो. माप समोरून घ्यावं लागतं.

शिंपली पुढच्या काचेला अगदी लागून ठेवली आणि काचेबाहेर रास्पबेरी पायचा कॅमेरा. मासा टोचायला आला की तोंड सरळ कॅमेऱ्याकडे. ओपनसीव्हीमध्ये पार्श्वभूमी वजा करून आकृतीची कड काढली आणि अंगाची रुंदी भागिले उंची एवढाच आकडा ठेवला. काच आणि पाण्यामुळे मासा जवळ आणि मोठा दिसतो, पण भागाकार केला की रुंदी-उंची दोन्हींतला तो फुगवटा निघून जातो. पट्टी, अंतर, काही लागत नाही. पर पसरलेले असले की आकडा हलतो, म्हणून रोज वीस फोटो काढून त्यांचा मधला आकडा घ्यायचा.

पहिला आकडा ०.१५. त्या रात्रीच्या आधी ०.१७, नंतरच्या आठवड्यात परत ०.१६. जूनच्या शेवटी ०.१९. लांबी-उंची तीच राहिली असं धरलं तर ०.१५ ते ०.१९ म्हणजे अंग साधारण पावपट भरलं. हे ग्रॅममधलं वजन नाही, पण कल कळायला पुरतं. आकडा तीन दिवस सलग उतरला की मेसेज येतो. त्याने एकदा खरंच वाचवलं. मासा खात होता, तरी उतरत होता, आणि कारण निघालं जूनच्या दमट हवेत २९ वर गेलेलं पाणी.

असा मासा घ्यावा का?

माझं मत, सुरुवात म्हणून नको. वरोऱ्यातच काय, मुंबईतही नको. क्लाउनफिश घ्या. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास टाकीत करण्याचं तंत्र विकसित केलेलं आहे. असे मासे लहानपणापासून टाकीतलंच खातात, आणि समुद्रातून एकही कमी होत नाही. प्रवाळ आणि समुद्री घोडे आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ते कुणी "स्वस्तात देतो" म्हटलं तरी घेऊ नका. टाकीत सिरॅमिकचे दगड चालतात. कॉपरबँड घ्यायचाच असेल तर दुकानात तुमच्यासमोर त्याला खाऊन दाखवायला सांगा. विकणारा "घरी गेल्यावर खाईल" म्हणाला तर रिकाम्या हाताने परत या.

जुलैत त्याला मोठ्या टाकीत सोडलं. क्लाउनफिशच्या जोडीने दोन दिवस त्याला पळवलं, म्हणून फीडरची नळी त्यांच्या कोपऱ्यापासून दूर नेली. त्या टाकीत आयप्टेशिया नावाच्या उपद्रवी फुलांचं तण माजलं होतं, ते याने पंधरा दिवसांत टिपून साफ केलं. सध्या पंप दिवसातून तीनदाच चालतो. दुपारची शिंपली आई ठेवते आणि ठेवून लगेच बाजूला होते.